अर्धं शिकवलेलं क्रियापद

अनारकान एजे घाबरट होत्या. हे मी त्यांच्या माघारी बोलतोय असं समजू नका. त्या स्वतःच चारचौघांत सांगायच्या, "बाई गं, माझ्याइतकी भित्री बाई ओरुक-बुलाकात दुसरी नाही." आणि हे सांगतानासुद्धा दाराकडे बघायच्या, कोणी ऐकतंय की काय! एजे म्हणजे मोठी बहीण. आमच्याकडे शाळेतल्या बाईंनाही एजेच म्हणतात, आणि चौतीस वर्षं रशियन शिकवल्यामुळे त्या अख्ख्या गावाच्या एजे झाल्या होत्या. पन्नाशीचे बाप्येसुद्धा त्यांना बघून सिगारेट पाठीमागे लपवायचे.

भीती कशाकशाची म्हणाल? कुत्र्यांची, शिक्क्यांची, अनोळखी नंबरवरून येणाऱ्या फोनची, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची. तरुणपणी एकदा त्यांनी वर्गात पुस्तकाबाहेरची एक कविता वाचून दाखवली होती. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत, काही नाही, नुसतं विचारलं, "ही कुठल्या पानावर आहे?" झालं! त्यानंतर एजेंनी पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं नाही. छापलंय ते शिकवायचं, छापलेलं नाही ते माहीत असलं तरी गिळायचं. नवरा जुमाबाय हयात होता तोवर चिडवायचा, "हिला विचारा, चहात मीठ घालू का, तर म्हणेल थांबा, पुस्तकात बघते."

मग ती शरदातली लढाई झाली. पाटाच्या पलीकडे ताजिकांची गावं, अलीकडे आम्ही किर्गीझ. पाणी एकच, आणि डोकी दोन्हीकडची फिरलेली. तीन दिवस गोळ्या चालल्या. एजे जीव मुठीत धरून पळाल्या, त्या काखेत हजेरीपट मारून. पासपोर्ट घरात, औषधं घरात, आईची चांदीची कर्णफुलं घरात, आणि बरोबर काय, तर आठवी 'ब'चा हजेरीपट! परतल्या तेव्हा छप्पर जळून खाली आलं होतं आणि अंगणातली जर्दाळूची झाडं काळी ठिक्कर उभी होती. पुढे छप्पर नवं मिळालं, भीती मात्र जुनीच वाढत राहिली. तेव्हापासून त्यांच्या दाराशी एक पिशवी कायम भरलेली असायची. तिच्यात पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, लोकरीचे मोजे आणि दोन मुठी सुकवलेले जर्दाळू.

अशा बाईच्या घरी पाटापलीकडची ताजिक मुलगी पाहुणी म्हणून राहायला आली. घ्या आता!

घडलं ते असं. शेजारच्या घरातला मेदेर बिश्केकला सिनेमाचं शिकून आला होता. लढाईपासून बंद असलेला पाटावरचा पूल पुन्हा उघडल्याला जेमतेम वर्ष झालेलं, आणि कोणीतरी टूम काढली होती की शेजारशेजारच्या देशांतल्या नवख्या पोरांनी जोडीजोडीने एकेक छोटा सिनेमा करायचा. मेदेरच्या वाट्याला आली फरांगीस, थेट समोरच्या सरीबोग गावची. तिला किर्गीझ येत नव्हतं, त्याला ताजिक येत नव्हतं. दोघं बोलायचे रशियनमध्ये, तेही मोडकंतोडकं. सिनेमाचा विषय होता आमचा पाट. उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्या पाण्याचा एक दिवस. उजाडतानाचं चित्रण अलीकडूनच चांगलं येणार होतं आणि पूल उघडतो सकाळी आठला, म्हणून मुलीला दोन रात्री अलीकडे मुक्काम करणं भाग होतं.

मेदेरच्या आईने त्याला उभंच केलं नाही. "तुझ्या काकाला कुठल्या बाजूची गोळी लागली ते विसरलास? आणि मी तिला चहा पाजू? चल हो बाहेर." पोरगा तोंड पाडून एजेंकडे आला. एजेंच्या मनात ठाम 'नाही' होतं. पण एजेंना 'नाही' म्हणायचीही भीती वाटायची.

पहिल्या संध्याकाळी मुलगी जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी अंग चोरून बसली. वय पंचविशीचं, केस आखूड, डोळे मोठे आणि सतत भिरभिरणारे. पालोवचा भात पुढे केला तर चार शितं खाल्ली, चहाचा पियाला ओठांना लावून खाली ठेवला. एजेंना वाटलं, आमचं अन्न हिच्या घशाखाली उतरत नाही. कसं उतरेल? आणि बोलता बोलता मुलीने विचारलं, "खोलाजान, सीमेच्या टॉवरवरचा पहारेकरी पहाटे किती वाजता बदलतो?"

खोलाजान म्हणजे मावशी. लाडाचा शब्द. पण एजेंच्या छातीत धस्स झालं. शहाणी मुलगी पहारेकऱ्याची वेळ कशाला विचारेल?

"मला काय माहीत गं," त्या म्हणाल्या आणि चहा सांडला तो पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिलेक दारात उभा. तिलेक सीमेवरच्या चौकीचा लेफ्टनंट, गावचाच, एजेंच्या हाताखालून गेलेला. लहानपणी नाक गळायचं, आता कमरेला पिस्तूल. चेहरा मात्र पांढराफटक.

"एजे, चला. चौकीवर यायचंय."

"अरे देवा! मी काय केलं?"

"तुम्ही नाही काही केलं. तुमच्या पाहुणीने केलंय."

 तिलेकने त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. गल्लीतल्या बायका फाटकाफाटकाशी उभ्या राहून बघत होत्या. मेदेरची आईही होती. तिच्या तोंडावर 'मी म्हटलं नव्हतं?' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

चौकीच्या खोलीत फरांगीस लोखंडी खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मेदेरला अंगणात बसवलं होतं. मधूनमधून तो तिलेकला बाइके, म्हणजे दादा, म्हणत ओरडायचा, "तिलेक बाइके, अहो वेडेपणा आहे हा!" आणि दारावरचा शिपाई त्याला "गप रे" म्हणायचा. टेबलावर मुलीचा फोन होता. दोघं पुलापाशी जागा बघायला गेली असताना तिथल्या नाक्यावर नेहमीसारखी तपासणी करताना तिलेकने तो उघडून बघितला होता.

"वाचा," तो म्हणाला.

एजेंनी चष्मा लावला. त्या दिवशी सकाळीच फरांगीसने मेदेरला रशियनमध्ये निरोप पाठवला होता: 'उद्या पहाटे पहारेकऱ्याला टिपू. मग पूल. संधी एकदाच मिळेल, चुकायचं नाही.'

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. रशियनमधलं ते क्रियापद, 'स्न्यात', आपल्या मराठीतल्या 'टिपणं'सारखंच दुतोंडी आहे. कॅमेऱ्यातही टिपता येतं आणि बंदुकीनेही टिपता येतं. किर्गीझमध्ये ही सोय नाही. तिथे चित्र काढायला एक शब्द, जीव घ्यायला दुसरा. भाषांतर करायचं तर दोनातला एक निवडावाच लागतो.

तिलेकने निवडला होता. समोर कागद होता, त्यावर त्याच्या गोल गोल अक्षरात किर्गीझमध्ये लिहिलेलं: 'उद्या पहाटे पहारेकऱ्याला ठार करू. मग पूल.' खाली मोकळी जागा, आणि तिथे 'रशियन भाषेच्या शिक्षिकेची सही'.

"माझी तर पाचावर धारण बसली एजे, हे वाचून," तिलेक म्हणाला. "मी वर कळवलंय. शहरातून गाडी निघालीय, तासाभरात पोचेल. ते मुलीला घेऊन जातील. त्यांना आधी भाषांतर हवंय, जाणत्या माणसाच्या सहीचं. तुमच्याइतकं जाणतं इथे कोण आहे?"

"मी... मी निवृत्त आहे रे."

"म्हणून काय झालं? हा शब्द मला तुम्हीच शिकवलाय. सातवीत. तो धडा नाही का, तो टेहळ्या बर्फातून सरपटत जातो आणि पहाटे पहारेकऱ्याला टिपतो? आख्खा पाठ करून घेतलात. पाचपैकी पाच दिले होते मला." हे सांगताना त्या घाबरलेल्या तोंडावरही जरा ऐट आली.

 धडा त्यांना पानासकट आठवत होता. त्या शब्दाचा दुसरा अर्थही त्यांना माहीत होता, पहिल्यापासून माहीत होता. पण तो पुस्तकात नव्हता. म्हणून त्यांनी तो कोणालाच शिकवला नव्हता.

"खोलाजान!" फरांगीस रशियनमध्ये रडकुंडीला येऊन म्हणाली. "सांगा ना यांना! सिनेमाचं बोलत होते मी. तुम्हाला तर कळतंय ना!"

कळत होतं. आणि कळत नव्हतंही. खरं सांगायचं तर एजेंना त्या घटकेला ती मुलगी निर्दोष आहे अशी खात्री मुळीच नव्हती. पहारेकऱ्याची वेळ हिने विचारली होती की नाही? माझ्या घरचं अन्न हिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं की नाही? आणि टेबलाखाली तिची ती लांबलचक काळी पिशवी होती, तिच्यातून बाहेर डोकावणारं ते लोखंडी नळकांडं. कॅमेऱ्याचं भिंग म्हणे. असेलही. एजेंनी तीन दिवसांच्या लढाईत बरीच नळकांडी बघितली होती. तेव्हा कोणी थांबून सांगत नव्हतं, हे कशाचं आहे ते.

आणि सही नाही केली तर? वर लिहून जाईल, अनारकान बाईंनी शत्रूला पाठीशी घातलं. सही केली तर? ही पोर त्या गाडीत बसेल, आणि त्या गाडीत बसलेलं माणूस परत कधी येतं, कसं येतं, हे कोणालाच ठाऊक नसतं.  

घाबरलेल्या माणसाला गप्प राहणं तरी जमावं. तेही जमलं नाही. त्यांनी मुलीला रशियनमध्ये विचारलं, "मग काल पहारेकरी किती वाजता बदलतो, ते कशाला विचारलंस?"

तिलेक ताडकन उठला. तेवढं रशियन त्याला येत होतं.

"काय? वेळ विचारली हिने? एजे, आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" आणि तो दुसरा एक कागद ओढून भराभरा लिहायला लागला.

एजेंना वाटलं, जीभ चावून तुकडा पाडावा. फरांगीस त्यांच्याकडे बघत होती. रागाने नव्हे हो, नुसती बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "उजेडासाठी विचारलं. पहारा बदलताना टॉवर मिनिटभर रिकामा असतो. नेमका तेव्हाच सूर्य आला तर चित्रात माणूस दिसणार नाही. बाकी काही नाही, खोलाजान." आणि तिने मान खाली घातली, कोणी आपलं ऐकणार नाही हे कळल्यासारखी.

बाहेर दूर कुठेतरी गाडीचा आवाज आला. दुसरीच होती ती, जर्दाळूची खोकी नेणारी. पण त्या आवाजाने एजेंचं काळीज असं काही उडालं, की त्यांनी पेन उचललं आणि तिलेकच्या कागदावरचा 'ठार करू' हा शब्द आडवा खोडून टाकला. वर लिहिलं, 'चित्रण करू'.

"एजे! काय करताय? धड्यात असं नव्हतं!"

"धड्यात नव्हतं म्हणून मी शिकवलं नाही, गाढवा!" एजे ओरडल्या. चौतीस वर्षांत त्यांचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. अंगणातला मेदेरसुद्धा गप्प झाला. "अर्धं क्रियापद शिकवलं मी तुला. सगळ्यांनाच अर्धं शिकवलं. ह्या शब्दाने माणसं टोपी उतरवतात, खोली भाड्याने घेतात, लग्नाचे फोटो काढतात, सिनेमा काढतात. आणि एखाद्या लढाईच्या गोष्टीत जीव घेतात. पुस्तकात तेवढी लढाईच होती. मला बाकीचं येत होतं रे. पण कोणी विचारलं असतं, कुठल्या पानावर आहे, तर मी काय सांगणार होते?"

तिलेक हिरमुसला. "मग... मला दिलेले पाच?"

"तीन. तीनच्या वर अर्धासुद्धा नाही मिळणार."

आणि त्यांनी कागदाच्या तळाशी लिहिलं: 'हे क्रियापद मी विद्यार्थ्यांना अपुरं शिकवलं. लेफ्टनंटांची चूक ही माझी चूक आहे.' सही केली. सहीतली शेवटची रेघ पार कागदाच्या कडेपर्यंत गेली.

तिलेकने कागदाचा फोटो वर पाठवला आणि फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. आधी शिव्या, मग हसणं, मग पुन्हा शिव्या. शेवटी, "करू दे चित्रण. बाईंच्या जबाबदारीवर सोड तिला. पण उद्या काही झालंच, तर बाईही जातील आणि तूही." गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरली.

सुटलो म्हणून नाचावं, तर तसलं काही नाही. तिलेक एजेंना दारापर्यंत सोडायला आला आणि खाली बघत म्हणाला, "एजे, पहाटेच्या पहाऱ्याला माझ्याकडे अठरा वर्षांची पोरं आहेत. त्यांना मी वर उभं करणार नाही. उद्या काही झालं तर त्यांच्या आयांना काय सांगू? मी स्वतःच उभा राहतो." मग जरा थांबून, "तुम्ही सही केलीय ना. मग झालं तर."

हे ऐकलं आणि एजेंच्या तोंडचं उरलंसुरलं पाणी पळालं. आतापर्यंत भीती होती ती आपल्या सहीची, आपल्या कातडीची. आता त्या सहीच्या जोरावर हा गळक्या नाकाचा पोरगा छाती पुढे करून टॉवरवर उभा राहणार होता.

रात्र कशी गेली ते विचारू नका. पहाटे एजे उठल्या तेव्हा मुलगी आधीच तयार होती. म्हणजे काय, पांघरूण बाजूला केलं तर अंगात जाकीट आणि पायांत बूट. बूट घालून झोपली होती! बूट घालून कोण झोपतं? ज्याला पळायचं असतं तो. एजेंनी चहा ठेवला नाही, तोंड धुतलं नाही, तशाच शाल गुंडाळून त्या दोघांच्या मागोमाग पाटाकडे निघाल्या. मेदेर म्हणाला, "एजे, तुम्ही कशाला थंडीत?" त्या म्हणाल्या, "मला झोप येत नाही." खोटं नव्हतं.

पाटावर धुकं नव्हतं, वारा नव्हता. पाणी वाहतंय एवढाच काय तो आवाज. पलीकडे सरीबोगमध्ये कोंबडा आरवला, त्याला अलीकडच्याने उत्तर दिलं. टॉवर जेमतेम शंभर पावलांवर. वर तिलेक उभा. इस्त्रीची वर्दी, टोपी, छाती बाहेर, आणि इतका ताठ की खांबाला खांब लावल्यासारखा दिसत होता. बिचारा श्वास तरी घेत होता की नाही, कोण जाणे.

फरांगीसने पिशवी उघडली. नळकांडं काढलं, कशात तरी बसवलं, खट्ट आवाज झाला. तिवई ओल्या गवतावर ठरेना, तशी तिने ती बाजूला टाकली आणि सगळं धूड खांद्यावर घेतलं. एक गुडघा जमिनीला टेकला. एक डोळा मिटला. पूर्वेला डोंगराच्या कडेवर उजेडाची रेघ उमटली.

"तयार," ती पुटपुटली.

"टीप," मेदेर म्हणाला.

एजेंच्या डोक्यातली सगळी व्याकरणं, सगळे अर्थ एका झटक्यात पुसले गेले. एकच उरला. त्या धावल्या. एकसष्ट वर्षांच्या, सुजलेल्या गुडघ्यांच्या अनारकान एजे ओल्या गवतावरून धावत गेल्या आणि त्या नळकांड्यासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"नको! नको गं पोरी! त्याला नको!"

काहीच झालं नाही. पाणी वाहत राहिलं. नळकांड्याच्या काचेत एजेंना स्वतःचंच तोंड दिसलं, एवढंसं, उलटं.

फरांगीसने हळूच डोळा उघडला. कॅमेरा खांद्यावरून खाली घ्यायचंही तिला सुचलं नाही.

"खोलाजान, तुम्ही तर सही केली होती."

"केली."

"मग?"

"सही केली, आणि घाबरलेही होते." एजेंचे पसरलेले हात खाली येईनात. "खात्री नव्हती मला. अजिबात नव्हती. तू बूट घालून झोपलीस. माझा चहा पीत नाहीस."

मुलगी तिथेच चिखलात बसली. हसतेय की रडतेय ते कळेना, तिलाही कळत नसावं. "आईने सांगितलं होतं, त्यांच्या घरी काही खाऊ नकोस, पिऊ नकोस, आणि बूट काढू नकोस, कधी पळावं लागेल सांगता येत नाही. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या. तुम्ही जरा कुशीवर वळलात तरी मी उठून बसत होते. आमचंही छप्पर जळलंय, खोलाजान. माझी आजी आत होती."

 त्या तिच्याशेजारी गवतात बसल्या, गुडघे दुखत असतानाही. हात हातात वगैरे काही घेतला नाही. दोघी नुसत्या थरथरत बसल्या होत्या, एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू.

"एजे!" टॉवरवरून तिलेक ओरडला. "झालं का? हलू का मी? पाय बधिर झालेत!"

सूर्य केव्हाच वर आला होता. संधी एकदाच होती, ती गेली. परवानगी त्या एका दिवसाचीच होती. मेदेर कॅमेऱ्यात डोकं घालून म्हणाला, "सगळं वाया गेलं. पहारेकरी नाहीच, नुसतं एजेंचं तोंड आलंय. पुसून टाकू?" फरांगीसने त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. त्या दिवशी घरी परतल्यावर ती दोन पियाले चहा प्यायली आणि बूट दाराशी काढून ठेवून सकाळी दहापर्यंत घोरत पडली. संध्याकाळपर्यंतचं बाकीचं चित्रण मग घाईघाईत उरकावं लागलं.

हिवाळ्यात आमच्या शाळेच्या सभागृहात पांढरी चादर लावून सिनेमा दाखवला. अकरा मिनिटांचा. सरीबोगहूनही तीसेक माणसं आली होती, पुलावरून चालत. ती डावीकडच्या बाकांवर, आम्ही उजवीकडच्या, मधली वाट रिकामी. टोप्या कोणी काढल्या नव्हत्या. मेदेरची आई आली, पण बसली नाही, मागे दाराशी उभी राहिली. तिलेक कोपऱ्यात, साध्या कपड्यांत. एजे पुढच्या रांगेत, कारण सिनेमानंतर फरांगीस रशियनमध्ये बोलणार आणि एजे त्याचं किर्गीझ करणार असं ठरलं होतं. पलीकडच्यांसाठी तीच ताजिकमध्ये सांगणार होती.

दिवे विझले आणि चादरीवर पहिलं काय आलं, तर एजेंचा चेहरा. चादरभर. फाटलेले डोळे, उघडं तोंड, ओढणी मानेवर घसरलेली, पसरलेले हात चादरीबाहेर गेलेले. मागे कुठेतरी धूसर टॉवर. "अगं बाई, आपल्या एजे!" कोणीतरी म्हणालं आणि पोरं खिदळली. पण तो चेहरा हलेना. अर्धा मिनिट तसाच राहिला, आवाज फक्त पाण्याचा. खिदळणं थांबलं. मग पाट सुरू झाला, बायका, बादल्या, गाई, पूल, आणि दिवस मावळला. टाळ्या वाजल्या, डावीकडे थोड्या, उजवीकडे थोड्या.

"काही विचारायचंय का?" मेदेरने विचारलं.  मग मागून त्याच्या आईचा आवाज आला, कोरडा. "त्या पहिल्या चित्रात आपल्या एजे एवढ्या कोणाला घाबरल्यात?"

एजेंनी तो प्रश्न फरांगीससाठी रशियनमध्ये सांगितला.  एजेंना कळून चुकलं होतं, आता सगळं बाहेर येणार. पाहुणीवर विश्वास न ठेवणारी बाई म्हणून दोन्ही गावं त्यांच्याकडे बघणार.

फरांगीसने त्यांच्याकडे एकदा बघितलं. चांगल्या मनाची पोर ती. तिने मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रशियनमध्ये सांगितलं, "लढाईला. त्यांना लढाई आठवली होती." मग तेच ताजिकमध्ये. डावीकडच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

उजवीकडची सगळी तोंडं एजेंकडे वळली. साधं वाक्य होतं. जसंच्या तसं किर्गीझमध्ये सांगितलं असतं तर कोणी चूक काढली नसती, उलट डोळे पुसले असते. एजेंनी आयुष्यभर समोर असेल तेच सांगितलं होतं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. त्या उठल्या. बाकाची पाठ घट्ट धरली.

"ही म्हणतेय," त्या म्हणाल्या, "की मी हिला घाबरले होते. ही माझ्या घरी पाहुणी होती, माझ्या छपराखाली झोपली होती, आणि मला वाटलं ही तिलेकला मारेल."

कोपऱ्यात तिलेकने डोक्यावरची टोपी काढली.  मग मेदेरची आई मधल्या रिकाम्या वाटेने पुढे आली आणि एजेंच्या शेजारी बसली.